वेध पाळायचे की घ्यायचे?

ग्रहणाचे वेध लागतात आणि वेधशाळेत वेध घेतात. शब्द एकच, परंतु आमच्या कनेरगाव नाक्यावर पहिलाच अर्थ चालतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ९.५७ ला स्पर्श, १.२६ ला मोक्ष. ते साडेतीन तास आठवा महिना चालू असलेल्या आमच्या वहिनी आतल्या खोलीत पाण्याच्या घोटावाचून बसून होत्या. दोनदा त्यांनी पाणी मागितले. आजी म्हणाली, "मोक्ष होऊ दे, मग पी." आणि मी, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, गप्प राहिले. ते गप्प राहणे अजून सलते.

वस्तुतः ग्रहणाचा त्रास होतो तो चंद्राला! १४ जून १९२७ च्या ग्रहणात पेटिट आणि निकोल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी माउंट विल्सन वेधशाळेतून चंद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजले. दुर्बिणीने गोळा केलेली उष्णता धातूंच्या एका अतिसूक्ष्म सांध्यावर पाडायची आणि त्यात उत्पन्न होणारी वीज मोजायची, अशी ती रीत. सुमारे ६९ अंश सेल्सिअसवर असलेली जागा चंद्र सावलीत पुरता बुडेपर्यंत उणे ९८ वर आली. खग्रास असताना उणे ११७ वर!

एवढी घसरण का? चंद्रावर हवा नाही आणि वरचा थर बारीक भुकटीचा. खालची ऊब वर येतच नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर राख साचली की वरून धग जाणवत नाही, तसेच. पुढे १९६० च्या ग्रहणात टायको विवर भोवतालापेक्षा उबदार आढळले, १९६४ च्या ग्रहणात तशा शेकडो जागा. तिथे खडक उघडे आहेत आणि खडक उशिरा निवतो. उन्हाळ्यात रात्री वाटेवरचा फुफाटा पायाला गार लागतो, पायरीचा दगड मात्र कोमट. आजीला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

२०२३ मध्ये चांद्रयान-३ ने, ग्रहणात नव्हे पण भर उन्हात, तापमापी चंद्राच्या मातीतच खुपसली. वर पन्नासच्या आसपास, आठ सेंटीमीटर खाली सुमारे उणे दहा!

कलाशाखेच्या मुलीला या आकड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे मत उलट आहे. आकडे काढणारे आकडे काढतात; ते आजीच्या भाषेत सांगायचे काम आमचे. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो वेधशाळा होऊ घातली आहे. ती कृष्णविवरांच्या टकरींचा वेध घेईल, आणि इकडे आम्ही एक तांब्या पाणी आत नेऊ शकत नाही?

पुढच्या ग्रहणाला गल्लीत ज्या घरी कोणी पोटुशी असेल, तिथे मी स्पर्शाआधी तांब्या नेऊन ठेवणार आहे. आजी रागावेल. रागावली तर राखेखालचा निखारा विझत का नाही, ते तिलाच विचारीन.