उपचार यशस्वी झाले, हे कोणी ठरवायचे? स्कॉटलंडमधील प्रयोग काय सांगतो

पक्षाघात झालेल्या आजोबांना आठव्या दिवशी घरी सोडले. रक्तदाब आटोक्यात आहे, संसर्ग नाही. रुग्णालयाच्या दृष्टीने उपचार यशस्वी झाले. पण आजोबांना सर्वांत जास्त हवे होते ते स्वतःच्या हाताने जेवणे, आणि तेच जमत नाही. मग तुम्ही याला यश म्हणाल का?

स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न सरकारी धोरणाचा भाग झाला आहे. तिथे उपचार आरोग्य मंडळाकडे, तर आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी घरी मिळणारी मदत स्थानिक परिषदेकडे, अशी विभागणी होती. दोघांच्या मध्ये रुग्ण अडकत असे. २०१४ च्या कायद्याने या सेवा एकत्र आणल्या आणि एप्रिल २०१६ पासून ही व्यवस्था देशभर लागू झाली. सोबत नऊ अपेक्षित परिणाम ठरवण्यात आले. शक्यतो घरी आणि स्वतंत्रपणे राहता यावे, सन्मानाने वागवले जावे, घरच्या काळजीवाहकाचीही तब्येत सांभाळली जावी, हे त्यांपैकी काही.

हे मोजायचे कसे? त्यासाठी २३ निर्देशक आहेत. काही दर दोन वर्षांच्या सर्वेक्षणातून मिळतात, तर बरेचसे नोंदींमधून: तातडीने किती जण भरती झाले, घरी जाण्याजोगे होऊनही मदतीची सोय न झाल्याने किती दिवस खाटेवरच राहिले. हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण दोन खात्यांमधली फट तो थेट दाखवतो. पण घरी पोहोचलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्यातून कळत नाही.

‘तुमच्यासाठी महत्त्वाचे काय?’

हे कळून घेण्यासाठी उपयोगी पडणारी ‘टॉकिंग पॉइंट्स’ नावाची पद्धत तिथे या कायद्याच्या आधीच विकसित झाली होती. यात ‘तुम्हाला काय जमत नाही?’ याऐवजी ‘तुमच्यासाठी महत्त्वाचे काय?’ इथून बोलणे सुरू होते. उत्तरे साधारण तीन प्रकारची असतात: जगणे कसे असावे, कोणती तक्रार कमी व्हावी आणि सेवा देणाऱ्यांनी कसे वागावे. ‘आंघोळीला मदतनीस हवी’ ही सेवा झाली. ‘आठवड्यातून एकदा मैत्रिणीकडे जाता यावे’ हा परिणाम. काही काळाने पुन्हा बसून तो साधला का, ते पाहायचे.

अडचण इथेच सुरू होते. मैत्रिणीकडे जाण्याची आणि हाताने जेवण्याची बेरीज करता येत नाही, आणि निधी देणाऱ्याला तर बेरीज हवी असते. गुण द्यायला लावले की कर्मचारी संभाषणाऐवजी रकाने भरू लागतात. स्मृतिभ्रंशात तर प्रकृती सुधारण्याची अपेक्षाच नसते. आहे ते सहा महिने टिकले तरी ते मोठे यश, पण तक्त्यात ते ‘बदल नाही’ असेच दिसते. शिवाय यश सेवेचे की रोज येणाऱ्या लेकीचे, हेही सांगणे कठीण. माझ्या मते आकडे आणि रुग्णाचे शब्द शेजारीशेजारी ठेवावेत. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करू नये.

राष्ट्रीय काळजी सेवा उभारण्याची योजना स्कॉटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सोडून दिली आणि जूनमध्ये बराच आटोपशीर कायदा मंजूर झाला. स्थानिक व्यवस्था कायम आहे, पण पैशांची ओढाताण मोठी आहे. अशा वेळी खाटांचे दिवस आधी मोजले जातात आणि निवांत बोलायला लागणारा वेळ आधी कापला जातो.

तुम्ही काय करू शकता?

आपल्याकडे डिस्चार्ज कार्डवर औषधे आणि तपासण्या असतात. रुग्णाला काय हवे, याचा रकाना सहसा नसतो. तो तुम्ही भरा. रुग्णाला विचारा (बोलता येत नसेल तर खुणेने, चित्र दाखवून) आणि घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना एका वाक्यात सांगा. ‘हाताने जेवायचे आहे’ हे कळले, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताच्या व्यायामावर भर देऊ शकतात, जाड मुठीचा चमचा सुचवू शकतात. गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. तेच वाक्य फाइलच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा आणि पुढच्या भेटीत तिथूनच बोलायला सुरुवात करा.