‘बीपीए फ्री’ एवढे पुरेसे नाही



‘बाटलीवर बीपीए फ्री लिहिलेले पाहा आणि निर्धास्त व्हा’ हा मागील अंकातील पत्रलेखिकेचा सल्ला सद्हेतूचा असला तरी अर्धवट आहे.

बिस्फेनॉल ए (बीपीए) हे रसायन पॉलिकार्बोनेट या कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये असते. युरोपीय संघाने बाळाच्या बाटल्यांत त्यावर २०११ मध्येच बंदी घातली. पण बीपीए गेले तरी प्लास्टिक उरतेच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीन या बीपीए नसलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा लिटरमागे १.६ कोटीपर्यंत सूक्ष्मकण सुटलेले आढळले. पाणी जितके गरम, तितके कण अधिक. म्हणून पावडरीचे दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवावे आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावे. ओरखडे पडलेली बाटली सरळ टाकून द्यावी.

मुळात बाटली हवीच कशाला? आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूधबाटलीच्या जाहिरातीलाच बंदी आहे. बाटलीच्या खाचांत, बुचात दूध साचते आणि बाळाला जुलाब लागतात. पहिले सहा महिने आईचे दूध. वरचे द्यावेच लागले तर वाटी-चमचा. पनवेलच्या बाजारात भांड्यांच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो, उकळता येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. आमच्या घरी सासूबाईंचे चांदीचे बोंडले आहे. तीन पिढ्या त्यातून दूध प्यायल्या. त्यावर कसलेही लेबल नव्हते!

– एक आजी, जुने पनवेल