किल्ली कोणाच्या स्वाधीन?

मागील वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी परतवाड्यातील एका पतसंस्थेचा संगणक अडून बसला. मेळघाटातून उतरलेली माणसे पैशांसाठी रांगेत उभी होती आणि पडद्यावर सूचना होती की, प्रशासक खात्याच्या पासवर्डची मुदत संपली आहे, नवा द्या. नवा देण्यासाठी आधी जुना द्यावा लागतो. तो ठाऊक असलेले एकमेव गृहस्थ सेवानिवृत्त होऊन पुण्यास गेलेले! त्यांना दूरध्वनीवर गाठेपर्यंत दुपार टळली.

खरे संकट पुढेच होते. रोज रात्री हिशेबांची प्रत आपोआप काढण्याचे काम याच खात्याच्या नावे नेमलेले होते. त्या नेमणुकीत जुनाच पासवर्ड साठवलेला राहिला आणि प्रत निघणे मुकाट्याने थांबले. तीन आठवड्यांनी हे उमगले. मधल्या काळात यंत्र बिघडले असते तर ठेवीदारांना काय उत्तर देणार होतो?

विंडोजच्या सुरक्षा धोरणात पासवर्डची कमाल मुदत मुळात ४२ दिवसांची असते. व्यावसायिक आवृत्तीत ‘लोकल यूजर्स अँड ग्रुप्स’ या ठिकाणी खात्याच्या गुणधर्मांत ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ या ओळीसमोर खूण केली की त्या खात्यापुरती ही मुदत लागू होत नाही. पण पासवर्ड बदललाच, तर आपोआप चालणाऱ्या प्रत्येक कामातही तो नव्याने भरावा लागतो.

मुदत काढल्यास सुरक्षितता ढिली होणार नाही का, असे कोणी विचारील. वारंवार बदलाची सक्ती झाली की माणूस जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवितो किंवा चिठ्ठी पडद्याला चिकटवितो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची २००३ सालची मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी आपल्या त्या सल्ल्याबद्दल २०१७ मध्ये खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने बदल करण्याची सक्ती नको, असे सांगितले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून मुदतीची अट वगळली. पासवर्ड लांब असावा, अन्यत्र वापरलेला नसावा आणि फुटल्याचा संशय येताच बदलावा, हे आजचे शास्त्र आहे. नियामकाचा वा वरिष्ठ कार्यालयाचा दंडक असेल तेथे अर्थातच तो पाळावा.

तथापि एवढ्याने काम भागत नाही. तिजोरीची किल्ली एकाच्याच खिशात असू नये, हे आपल्या संस्थांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग संगणकाच्या किल्लीबाबत ही शिस्त कुठे गेली? पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असावा, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनेच ते उघडावे, आणि जबाबदार माणूस निवृत्त होईल त्या दिवशी पासवर्ड बदलून नवे पाकीट करावे. दुसरे प्रशासक खातेही तयार ठेवावे.

कार्यकर्ते येतात, जातात. संस्था टिकावी लागते. येत्या बैठकीत प्रत्येक सचिवाने एवढेच विचारावे : आपल्या संगणकाची किल्ली आज कोणाकडे आहे, आणि तो उद्या आला नाही तर?