बाकावरचा रुग्णही रुग्णच

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८२० सालचा हा जन्मदिवस. ठिकठिकाणच्या रुग्णालयांत दीपप्रज्वलन होईल, प्रतिज्ञा म्हटली जाईल. या निमित्ताने अमरावतीच्या इर्विनपासून अकोल्याच्या सर्वोपचारपर्यंत, अपघात विभागाच्या दाराशी केसपेपर हातात धरून बसलेल्यांचा विचार व्हायला हवा.

अपघात विभागात आधी आलेल्याला नव्हे, तर अधिक धोक्यात असलेल्याला आधी घेतात, आणि ते योग्यच आहे. पण बाकावरच्या माणसाची प्रकृती तासभर आहे तशीच राहते, हे कोणी सांगावे? सध्या वऱ्हाडात पारा पंचेचाळिशीकडे धावतो. ऊन लागलेला मजूर येतो तेव्हा नुसता थकलेला दिसतो. थोड्या वेळाने असंबद्ध बोलू लागला, तर तो जीवघेणा उष्माघात असू शकतो. पावसाळ्यात मण्यार चावलेला माणूस येतो. सूज नसते, दुखणेही फारसे नसते. पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटते, रात्रभराच्या जागरणाने झोप लागली. जाणती सिस्टर त्याला डोळे पूर्ण उघडायला लावते, मान उचलायला सांगते. पापणी वर जात नसेल, तर विष श्वासाच्या स्नायूंकडे निघाले आहे, हे ती ओळखते आणि ट्रॉली मागवते. कीटकनाशकाच्या फवारणीतून आलेल्याच्या तोंडाला सुटलेली लाळ आणि डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या याही अशाच धोक्याच्या खुणा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने या विषबाधेची किती मोठी किंमत मोजली, हे पश्चिम विदर्भ विसरलेला नाही.

बाकावरच्यांवर अशी नजर ठेवणे हे सिस्टरचे पहिले काम; दुसरे बोलण्याचे. ‘आमचा नंबर कधी लागन वो सिस्टर?’ या प्रश्नात घाई कमी आणि भीती जास्त असते. ‘बीपी ठीक आहे, रक्त तपासायला गेले आहे, आधी आतला गंभीर पेशंट पाहतील, त्रास वाढला तर लगेच मला सांगा,’ एवढ्या शब्दांनी ती भीती उतरते. जिथे कोणीच काही सांगत नाही, तिथे आवाज चढतात, आणि पहिला राग दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरवरच निघतो. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून घाट उतरून आलेल्या कोरकू आदिवासी आईला तर तो धीर तिच्याच भाषेत मिळायला हवा.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. ताटकळणाऱ्यांची सोय हाही सेवेचाच भाग आहे, हे त्यांनी जाणले होते. सरकारी रुग्णालयांनी मात्र ताटकळणाऱ्यांकडे लक्ष देणे अजून कामात धरलेले नाही. सलाईन लावणारी, इंजेक्शन देणारी, नोंदी लिहिणारी सिस्टरच जमेल तेव्हा बाहेर डोकावते.

म्हणून मागणी साधी आहे. मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागात प्रत्येक पाळीला एक अधिपरिचारिका केवळ प्रतीक्षेतल्या रुग्णांसाठी नेमा. ठरावीक वेळाने प्रत्येकाची पुन्हा तपासणी आणि केसपेपरवर तिची नोंद बंधनकारक करा. या अधिपरिचारिकेच्या सांगण्यावरून रुग्णाचा क्रम तत्काळ बदलेल, असा अधिकार तिला द्या. सुरक्षारक्षक आणि कोरकू जाणणारा सहायक तिच्या हाकेच्या अंतरावर असू द्या. त्यासाठी परिचारिकांची रिक्त पदे आधी भरावी लागतील. परिचारिकांविषयी आज व्यक्त होणारी कृतज्ञता खरी असेल, तर ती या भरतीच्या आदेशात दिसली पाहिजे.