हिवाळी समुद्रापलीकडची पेढी

डिसेंबरात हेलसिंकीच्या धक्क्यावर सकाळचे साडेआठ वाजतात, तरी पुरते उजाडलेले नसते. सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम पाळणाऱ्या प्रवाशांनी हा अल्प दिवस ध्यानात ठेवून शिदोरी बरोबर घ्यावी. जहाजावरील भोजनगृहात मासळीचे पदार्थही असतात.

फिनलंडचे आखात ओलांडून एस्टोनियाची राजधानी टॅलिन गाठायचे अंतर सुमारे ८० किलोमीटर. फेरीबोटीने दोन तासांत ते कापले जाते. बाल्टिकच्या पाण्यात मीठ फार थोडे, त्यामुळे कडक थंडीच्या वर्षी हा समुद्र गोठतो आणि बर्फफोड्या जहाजांना वाट मोकळी करून द्यावी लागते.

पलीकडचे नगर व्यापाऱ्यांनी घडविलेले आहे. १२४८ मध्ये त्याला ल्युबेक शहराचा नगरकायदा लाभला आणि पुढे ते हान्सा या व्यापारी नगरांच्या संघात सामील झाले. पश्चिमेकडून मीठ आणि कापड येई. रशियातील नोव्हगोरोडकडून मेण आणि केसाळ कातडी येत. पिक रस्त्यावरील ‘तीन बहिणी’ ही पंधराव्या शतकातील जोडघरे त्या व्यवहाराची साक्ष देतात. खाली पेढी आणि बिऱ्हाड, वर कोठार. छताखाली पुढे आलेल्या तुळईला दोर बांधून माल थेट माळ्यावर चढविला जाई. नगरभवनासमोरच्या चौकात आज नाताळचा बाजार भरतो. त्याच चौकातील औषधालयाची नोंद १४२२ पासून सापडते.

या धनाढ्य व्यापाऱ्यांचा एक नियम विशेष मननीय आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत जहाज समुद्रात घालू नये, असे हान्सा संघाचे बंधन होते. वादळ, बर्फ आणि काळोख यांच्याशी पैज लावण्यापेक्षा माल कोठारात थांबलेला बरा, हा त्यामागचा हिशेब. माल बुडाला तर एकाच घराण्याचे दिवाळे निघत नसे. त्यावर विसंबलेल्या अनेकांचे नुकसान होई.

आजच्या जहाजाला हिवाळा अडवत नाही. तथापि, बंदराजवळच्या ‘जाड मार्गारेट’ बुरुजाच्या पायथ्याशी एक काळी कमान उभी आहे, मध्येच तुटलेली. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ फेरीबोट वादळात बुडाली. लाटांच्या माऱ्याने नाळेवरचा दरवाजा निखळला, वाहनांच्या मजल्यावर पाणी शिरले आणि ८५२ जीव गेले. त्या कमानीचा तुटका भाग कोणी सांधलेला नाही. तो तसाच ठेवण्यात आला आहे.

परतीच्या फेरीची वेळ होते तेव्हा अंधार पडलेला असतो. धक्क्याकडे निघालेले प्रवासी त्या कमानीजवळून जाताना क्षणभर थांबतात. नफ्याच्या वहीत थांबण्याचाही एक रकाना असावा, हे त्या जुन्या व्यापाऱ्यांना उमगले होते. मागे कोठारांच्या रिकाम्या तुळया अजूनही रस्त्यावर डोकावत असतात.