काळाचा खेळ आणि हातातली कळ

आमच्या जबलपुरातील मराठी मंडळींत यंदा एक सूचना पुढे आली आहे. वार्षिक नाटक बसविण्याचा खटाटोप सोडावा. तालमींना माणसे मिळत नाहीत, मिळाली तर ऐन प्रयोगाच्या तोंडावर कोणाची तरी बदली होते. त्यापेक्षा नाटकाचे दूरचित्रवाणीसाठी केलेले रूपांतर सभागृहात पडद्यावर दाखवावे. उदाहरणादाखल प्रीस्टली यांच्या ‘टाइम अँड द कॉनवेज’चे नाव निघाले, बी.बी.सी.ने 1985 साली ते दूरचित्रवाणीवर आणले होते. आपल्याच सूचनेवर उलटणारे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडले नसते!

नाटक 1937 सालचे. पहिल्या अंकात 1919 मधील वाढदिवसाच्या रात्री के ही मुलगी अंधारात खिडकीशी बसते. दुसऱ्या अंकात ती तेथेच असते, दिवा लागतो, आणि मधली अठरा वर्षे सरलेली असतात. पैसा गेला, भावंडे दुरावली, धाकटी कॅरल वारली. तिसरा अंक पुन्हा त्याच जुन्या रात्रीचा. कॅरल समोर हसतखेळत वावरते आणि तिचे भवितव्य जाणणारा प्रेक्षक खुर्चीला खिळतो. डन यांच्या कालविषयक सिद्धान्ताचा आधार नाटकाला आहे खरा. पण तो न वाचताही हा अंक झोंबतो.

तो झोंबतो, कारण कॅरल हाकेच्या अंतरावर असते आणि हाक मारता येत नाही. पडद्यावरची कॅरल केव्हाच चित्रित होऊन गेलेली. घरी तर हातातल्या कळीने तिला थांबवून चहा घेता येतो. सभागृहात कळ कोणाच्या हाती नसेल, हे मान्य. पण तेथेही कोणाकडे पाहायचे ते कॅमेऱ्यानेच ठरविलेले असते.

बदलीवरच्या माणसाला तो दुसरा अंक कोणी समजावून द्यावा लागत नाही. तीन वर्षांनी साताऱ्यास घरी जावे, तर ओसरी तीच, दिव्याचे बटण तेच, आणि पाण्याचा पेला पुढे करताना आईचा हात थरथरतो. हे ज्यांनी पाहिले, त्यांनीच रंगमंच सोडावा?

इंग्रजी नाटक परके वाटत असेल, तर एलकुंचवारांचा ‘वाडा चिरेबंदी’ घ्यावा. त्याच घराण्याची पुढली वर्षे सांगणाऱ्या दोन नाटकांसह तो 1994 साली सलग रंगमंचावर आला, तेव्हा प्रेक्षक सुमारे नऊ तास बसले होते. आपण एकच करू. प्रॉम्प्टिंगसाठी माझे नाव लिहून घ्यावे. माझी बदली मार्चपूर्वी होत नाही.