ओठ तपासणीतून सुटता कामा नये

आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील नागरिकांची मुखकर्करोग तपासणी होते. त्यात उन्हाने बिघडलेल्या खालच्या ओठाची नोंद सक्तीची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गोऱ्या कातडीला अशा ओठातून कर्करोग होण्याचा धोका जास्त, हे खरे. पण होडीवर किंवा शेतात जन्म काढणाऱ्याला, त्यातही विडी ओढणाऱ्याला, तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

अशा सक्तीमुळे थंडीत फुटलेला प्रत्येक ओठ रुग्णालयात धाडला जाईल, ही भीती अनाठायी नाही. मात्र साधा फुटलेला ओठ तूपलोण्याने काही दिवसांत भरून येतो. उन्हाने बिघडलेला खरखरीतच राहतो, पांढुरके पापुद्रे धरतो, ओठ आणि त्वचा यांमधली रेघ पुसट होते. अशा ओठावर मलम, अतिशीत उपचार किंवा लेसर पुरतो. कडक गाठ वा न भरणारी जखम दिसली तर तिथला तुकडा काढून तपासणे भागच आहे. उशीर झाला की कर्करोग मानेतील गाठींपर्यंत पोहोचू शकतो.

आरोग्य खात्याने तपासणीच्या अर्जात ओठाचा रकाना घालावा आणि आशाताईंना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण पुढच्या उन्हाळ्याआधी द्यावे.